आमदारांनी निवडलेले सिनेटर : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी सिनेट निवडणुकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या सिनेटवर कोण जाणार हे आज तिथले मतदार ठरवतात. १९१३ पर्यंत हा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांकडे होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी इतिहास वाचताना गोंधळ उडतो. लिंकन कोणती निवडणूक हरले, एखाद्या राज्याला दोन वर्षं सिनेटरच का नव्हता, असे प्रश्न पडतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. गोंधळ टाळण्यासाठी राज्य विधिमंडळाच्या सदस्यांना ‘आमदार’ म्हटलं आहे, आणि ‘सिनेट’ म्हणजे वॉशिंग्टनचं सिनेट.

लोकांना मत द्यायचा अधिकार का नव्हता?

१७८७ साली फिलाडेल्फियाला राज्यघटना तयार होत होती, तेव्हा थेट निवडणुकीची सूचना आली होती. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी ती मांडली, पण त्यांना साथ मिळाली नाही. बाकीच्यांचं म्हणणं असं की खालचं सभागृह लोकांचं आहेच, वरच्या सभागृहात राज्यांना राज्य म्हणून जागा हवी. शिवाय आमदार शहाणीसुरती माणसं निवडतील आणि लोकांच्या क्षणिक लाटेला सिनेट थोडा आवर घालेल, हीही अपेक्षा होती. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त, अशी रचना ठरली.

निवडायचं कसं, हे मात्र घटनेत लिहिलंच नाही. दोन्ही सभागृहांनी एकत्र बसायचं की वेगवेगळं? साधी आघाडी पुरे की निम्म्याहून जास्त मतं हवीत? हे सगळं राज्यांवर सोडलं होतं.

मग त्याचा त्रास कधी सुरू झाला?

पहिल्याच वर्षी. १७८९ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन सभागृहांत पद्धतीवरून वाद झाला. खालच्या सभागृहाची सदस्यसंख्या मोठी, त्यामुळे त्याला एकत्र मतदान हवं होतं. वरच्याला आपला नकाराधिकार सोडायचा नव्हता. रुफस किंग आणि फिलिप स्कायलर यांची निवड व्हायला जुलै उजाडला. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तेव्हा न्यूयॉर्क शहरातच भरत होती, म्हणजे यजमान राज्याच्याच खुर्च्या काही महिने रिकाम्या!

दोन सभागृहांत वेगवेगळे पक्ष असले तर काय व्हायचं?

बऱ्याचदा काहीच व्हायचं नाही, आणि अडचण तीच होती. १८४१ मध्ये टेनेसीच्या वरच्या सभागृहात तेरा डेमोक्रॅट सदस्यांनी संयुक्त बैठकीला जायलाच नकार दिला. एकत्र बसलो तर व्हिग या प्रतिस्पर्धी पक्षाचं संख्याबळ जास्त भरणार आणि दोन्ही जागा जाणार, हा सरळ हिशेब. त्या विधिमंडळाकडून एकही सिनेटर निवडला गेला नाही. समर्थकांनी या मंडळींना ‘अमर तेरा’ म्हणून डोक्यावर घेतलं. त्यांच्यातले एक अँड्र्यू जॉन्सन. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याच जॉन्सन यांनी सिनेटर थेट लोकांनी निवडावेत अशी घटनादुरुस्ती सुचवली.

इंडियाना आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांची एकेक जागा १८५५ ते १८५७ अशीच रिकामी राहिली.

१८६६ चा कायदा कशासाठी केला?

निमित्त न्यूजर्सीचं. १८६५ मध्ये तिथल्या संयुक्त बैठकीने निम्म्याहून अधिक मतांची अट काढून टाकली आणि सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी असं ठरवलं. जॉन स्टॉकटन हे डेमोक्रॅट ८१ पैकी ४० मतांवर निवडून आले. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये त्यांच्या पात्रतेवर मतदान झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःच्या बाजूने मत टाकलं. त्यावर आरडाओरडा झाला, पुन्हा मतदान झालं आणि मार्च १८६६ मध्ये स्टॉकटन बाहेर पडले. यात केवळ तत्त्वाची चाड नव्हती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार मोडायला रिपब्लिकन पक्षाला दोन तृतीयांश मतं हवी होती आणि एकेक जागा मोलाची होती. (स्टॉकटन १८६९ मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून आले, ते वेगळं.)

त्यानंतर काही महिन्यांत, जुलै १८६६ मध्ये, काँग्रेसने सगळ्या राज्यांसाठी एकच पद्धत ठरवली. विधिमंडळाची रीतसर स्थापना झाली की त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दोन्ही सभागृहांनी आपापल्या ठिकाणी मतदान करायचं, तेही तोंडी. प्रत्येक आमदाराने उभं राहून नाव घ्यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता दोघांनी एकत्र बसायचं. दोन्हीकडे एकाच माणसाला बहुमत असेल तर तो निवडून आला. नसेल तर संयुक्त बैठकीत मतदान, आणि तिथे निम्म्याहून अधिक मतं मिळाली पाहिजेत. तेही जमलं नाही तर अधिवेशन संपेपर्यंत रोज दुपारी बारा वाजता एकत्र जमून दिवसाला किमान एक मतफेरी.

रोज मतदान घेतलं म्हणजे कोंडी सुटायलाच हवी ना?

कायदा करणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं, पण झालं उलटं. सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद करायची सोय त्या कायद्यात नव्हती. दुसऱ्या पसंतीची मतं नव्हती, आणि अमुक फेऱ्यांनंतर आघाडीवर असेल तो विजयी असंही नव्हतं. तीन गट आपापल्या जागी घट्ट बसले की शंभर फेऱ्या झाल्या तरी आकडा हलत नसे. उलट रोजचं मतदान ही अडवणूक करणाऱ्याची सोय झाली. पक्षात दहाबारा आमदारांचा गट हाताशी असला की बहुमताच्या उमेदवाराला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवता येई.

१८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून अशा ४५ कोंड्या झाल्या. या पद्धतीच्या मरणाचं कारण म्हणून लाचखोरीचं नाव नेहमी पुढे येतं. माझ्या मते लाचेपेक्षा या कोंड्यांनी तिचा जीव घेतला. एक आमदार विकला गेला तर बातमी होते. अख्खं अधिवेशन वाया गेलं तर राज्यातल्या रस्त्यांपासून शाळांपर्यंत प्रत्येक कामाला फटका बसतो, आणि तो मतदाराला घरात जाणवतो.

सगळ्यात वाईट कोंडी कुठली?

स्पर्धा चुरशीची आहे. ओरेगनमध्ये १८९७ साली खालच्या सभागृहाची स्थापनाच होऊ दिली नाही. जॉन मिचेल यांची फेरनिवड रोखायची होती, म्हणून पुरेसे आमदार सभागृहापासून दूर ठेवले. सभागृहच नाही, म्हणून सिनेटर नाही, आणि त्या अधिवेशनात कायदेही नाहीत. या डावाच्या सूत्रधारांत जोनाथन बोर्न हे गृहस्थ होते. दहा वर्षांनी तेच बोर्न लोकांच्या पसंतीच्या मतदानाच्या जोरावर ओरेगनचे सिनेटर झाले आणि थेट निवडणुकीचे खंदे पुरस्कर्ते ठरले.

केंटकीत १८९६ मध्ये वातावरण इतकं तापलं की गव्हर्नरने विधिमंडळाच्या इमारतीवर राज्याचं सैनिकी दल आणलं. तरीही अधिवेशन सिनेटर न निवडताच संपलं.

माझं मत मात्र डेलावेअरला. गॅसच्या धंद्यात पैसा केलेल्या एडवर्ड ॲडिक्स यांना सिनेटर व्हायचं होतं. रिपब्लिकन पक्षातला एक गट त्यांनी आपल्या मुठीत घेतला. उरलेल्या रिपब्लिकनांना ते नको होते. त्यांच्यापेक्षा जागा रिकामी राहिलेली त्यांना चालत होती. १८९५ पासून हा तमाशा सुरू झाला. मार्च १९०१ ते मार्च १९०३ या काळात तर डेलावेअरचा वॉशिंग्टनमध्ये एकही सिनेटर नव्हता. ॲडिक्स शेवटपर्यंत सिनेटर झाले नाहीत.

गव्हर्नरला तात्पुरती नेमणूक करता येत नव्हती का?

विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना जागा रिकामी झाली तर करता येत होती. पण विधिमंडळ बसलं, त्याने प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही, तर गव्हर्नरने ती जागा भरायची नाही अशी भूमिका सिनेटने घेतली. पेनसिल्व्हेनियाचे मॅथ्यू क्वे हे त्या काळातलं बडं प्रस्थ. १८९९ मध्ये कोंडी झाल्यावर गव्हर्नरने त्यांना नेमलं. सिनेटने १९०० मध्ये ३३ विरुद्ध ३२ मतांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. १९०१ मध्ये विधिमंडळाने त्यांना निवडलं, तेव्हा ते आत आले.

लिंकन आणि डग्लस यांच्यात १८५८ मध्ये जाहीर वादविवाद झाले. लोकांना मतच नव्हतं, तर ते कोणासाठी?

आमदारांच्या मतदारांसाठी. इलिनॉयमध्ये त्या वर्षी विधिमंडळाची निवडणूक होती, आणि डेमोक्रॅट पक्षाचे डग्लस तिथले विद्यमान सिनेटर होते. जून १८५८ मध्ये रिपब्लिकन पक्षाने राज्य अधिवेशनात ठराव करून आपला माणूस लिंकन असल्याचं आधीच जाहीर केलं. तेव्हाच्या रिवाजात हे विरळ होतं. सिनेटसाठी कोण हे सहसा निवडणूक झाल्यावर, आमदारांच्या बंद दाराआडच्या बैठकीत ठरत असे. लिंकनचं नाव आधीच जाहीर झाल्यामुळे तुमच्या गावच्या रिपब्लिकन उमेदवाराला दिलेलं मत म्हणजे लिंकनला मत, असं समीकरण तयार झालं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सात गावांत सात वादविवाद झाले. प्रत्येक तीन तासांचा. पहिला वक्ता एक तास, दुसरा दीड तास आणि मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. लोक गाड्याघोडे जोडून यायचे आणि उन्हापावसात उभं राहून ऐकायचे, पण मतपत्रिकेवर दोघांचंही नाव नव्हतं.

राज्यभरात रिपब्लिकनांना डेमोक्रॅटांपेक्षा जास्त मतं पडली. पण मतदारसंघांची आखणी जुन्या लोकसंख्येवर होती, ती वाढत्या उत्तर भागाला अन्याय करणारी. शिवाय वरच्या सभागृहातले काही सदस्य आधीच्या निवडणुकीतून चालत आलेले. ५ जानेवारी १८५९ रोजी विधिमंडळात डग्लस यांना ५४ आणि लिंकन यांना ४६ मतं मिळाली.

लिंकन त्याआधीही एकदा हरले होते का?

हो, आणि ती कथा जास्त रंजक आहे, जरी सांगितली कमी जाते. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये लिंकन इलिनॉयच्या विधिमंडळावर निवडून आले. पण राज्याच्या घटनेनुसार आमदाराला सिनेटर म्हणून निवडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आमदारकीवर पाणी सोडलं. पोटनिवडणुकीत ती जागा विरोधकांनी जिंकली.

८ फेब्रुवारी १८५५ ला मतदान सुरू झालं. पहिल्या फेरीत लिंकन ४४, डेमोक्रॅट जेम्स शील्ड्स ४१, आणि लायमन ट्रंबल यांना अवघी ५. ते पाच जण गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे डेमोक्रॅट. जुन्या व्हिग पक्षाच्या माणसाला मत द्यायला ते काही केल्या तयार नव्हते. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, लिंकनची मतं गळत गेली. दुसऱ्या बाजूने अचानक गव्हर्नर जोएल मॅटसन यांचं नाव पुढे येऊन ते विजयाच्या उंबरठ्यावर पोहोचले. तेव्हा लिंकननी आपल्या उरलेल्या माणसांना सांगितलं की ट्रंबलना मतं द्या. दहाव्या फेरीत ५१ मतांनी ट्रंबल सिनेटर झाले. ४४ वाल्याने पाचवाल्याला निवडून दिलं. श्रीमती लिंकन आणि श्रीमती ट्रंबल यांची जुनी मैत्री यात कायमची दुरावली. लिंकननी स्वतः ट्रंबलशी संबंध राखले.

पैसे खरंच चालायचे का?

चालायचे. दोन प्रसंग पुरेसे आहेत.

कॅन्सस, २९ जानेवारी १८७३. टोपिकामध्ये संयुक्त बैठक भरली होती. विद्यमान सिनेटर सॅम्युएल पॉमरॉय पुन्हा उभे होते आणि त्यांचं पारडं जड होतं. अलेक्झांडर यॉर्क नावाचे आमदार उठले, सात हजार डॉलर सर्वांसमोर ठेवले आणि सांगितलं की हे मला मतासाठी पॉमरॉयनी दिले. पॉमरॉय तिथल्या तिथे संपले. जॉन इंगल्स जवळजवळ एकमताने निवडून आले आणि पुढे अठरा वर्षं सिनेटमध्ये राहिले.

मोंटाना, १८९९. विल्यम क्लार्क आणि मार्कस डेली हे तांब्याच्या खाणींचे दोन राजे, आणि त्यांचं हाडवैर. अधिवेशनाच्या सुरुवातीलाच फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराने हजार डॉलरच्या तीस नोटा दाखवून क्लार्कच्या माणसांनी मतं विकत घ्यायला हे पैसे दिल्याचं उघड केलं. तरीही त्याच महिन्यात क्लार्क निवडून आले! सिनेटच्या समितीने चौकशी केली आणि निवड अवैध ठरवण्याची एकमताने शिफारस केली. ठराव मताला येण्याआधीच, मे १९०० मध्ये, क्लार्कनी राजीनामा दिला. गव्हर्नर नेमके कॅलिफोर्नियात गेलेले. लेफ्टनंट गव्हर्नरनी त्याच दिवशी रिकाम्या झालेल्या जागेवर नेमणूक केली ती क्लार्क यांचीच. परतल्यावर गव्हर्नरनी ती रद्द ठरवली. पण १९०१ च्या नव्या विधिमंडळाने क्लार्कना रीतसर निवडलं आणि त्यांनी सहा वर्षांची मुदत पूर्ण केली.

राजीनामा देऊन पुन्हा निवडून यायचा डाव कोणी खेळला होता का?

न्यूयॉर्कच्या रोस्को कॉन्क्लिंग यांनी, आणि तो सपशेल फसला. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनी न्यूयॉर्क बंदराच्या जकात अधिकारीपदावर कॉन्क्लिंगच्या विरोधकाला नेमलं. हे पद म्हणजे शेकडो नोकऱ्या वाटायची किल्ली. १६ मे रोजी कॉन्क्लिंग आणि त्यांचे सहकारी टॉमस प्लॅट या दोघांनी राजीनामे दिले. अल्बनीचं विधिमंडळ आपल्याला वाजतगाजत परत पाठवेल आणि राष्ट्राध्यक्षाचं नाक कापलं जाईल, अशी कल्पना. विधिमंडळाने काही त्यांना परत निवडलं नाही. जून भर मतफेऱ्या चालल्या. चक्क उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर अल्बनीला जाऊन कॉन्क्लिंगसाठी आमदारांची मनधरणी करत होते. २ जुलैला गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. मारेकरी स्वतःला कॉन्क्लिंगच्या गटाचा म्हणवत होता. जुलै संपायच्या आत दोन्ही जागांवर दुसरीच माणसं निवडली गेली. कॉन्क्लिंग पुन्हा कधीच सिनेटमध्ये दिसले नाहीत, आर्थर मात्र सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

एका राज्याच्या निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष ठरला, हे खरं का?

‘ठरला’ म्हणणं जरा जास्त होईल, पण हातभार मोठा होता. १८७६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वादात अडकली आणि पंधरा जणांचा आयोग नेमायचं ठरलं. चौदा जण दोन पक्षांत समसमान, पंधरावे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस, कोणत्याच पक्षाचे नव्हेत. नेमकं जानेवारी १८७७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने डेमोक्रॅटांच्या मदतीने डेव्हिसनाच सिनेटर निवडलं. डेव्हिस यांनी आयोगावर बसायला नकार दिला, त्यांच्या जागी रिपब्लिकन कलाचे ब्रॅडली आले आणि निर्णय ८ विरुद्ध ७ ने रिपब्लिकन उमेदवार हेज यांच्या बाजूने गेला. डेमोक्रॅटांनी स्वतःच्याच पायावर मारलेला धोंडा.

कृष्णवर्णीय सिनेटर याच पद्धतीने आले का?

हो. हायरम रेव्हल्स यांना जानेवारी १८७० मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने निवडलं. सिनेटरला नऊ वर्षांचं नागरिकत्व लागतं आणि कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळून जेमतेम दोन वर्षं झालीत, असा आक्षेप विरोधकांनी काढला. सिनेटने तो ४८ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला. त्याच राज्यातून ब्लँच ब्रूस १८७५ ते १८८१ अशी पूर्ण मुदत राहिले. लुईझियानाच्या पिंचबॅक यांना मात्र तिथल्या दोन प्रतिस्पर्धी विधिमंडळांपैकी एकाने निवडलं होतं. तीन वर्षं लोंबकळत ठेवून सिनेटने १८७६ मध्ये त्यांना नाकारलं.

दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार दडपला गेला तशी अशी विधिमंडळंच संपली. पुढचा कृष्णवर्णीय सिनेटर थेट १९६७ मध्ये बसला.

स्त्रियांना यात काही स्थान होतं?

थोडं, आणि फक्त पश्चिमेकडे. युटाच्या वरच्या सभागृहात डॉ. मार्था ह्यूज कॅनन १८९६ मध्ये निवडून आल्या. म्हणजे सिनेटर निवडण्यात एका स्त्रीचं मत होतं, आणि तेही देशातल्या बहुतेक स्त्रियांना कुठलंच मत नसताना.

आपल्या राज्यसभेचीही पद्धत हीच ना?

सांगाडा तसाच आहे: आमदार मत देतात, मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. घोडेबाजाराची ओरडही ओळखीची वाटेल. फरक मतमोजणीत आहे. राज्यसभेला पसंतीक्रमाची मतं असतात. कमी मतांचा उमेदवार बाद होत जातो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. त्यामुळे एकाच मतदानात निकाल लागतो. डेलावेअरसारखी जागा वर्षानुवर्षं रिकामी पडत नाही. आमदाराने पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवून मत द्यायची रीत आपल्याकडे २००३ पासून आली. अमेरिकेत १८६६ पासून तोंडीच मत होतं, तरी पैसे थांबले नाहीत.

ही पद्धत संपली कशी?

हळूहळू, आणि वरून नव्हे तर राज्यांतून. प्रतिनिधीगृहाने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, १८९३ पासून थेट निवडणुकीचा ठराव पुन्हा पुन्हा मंजूर केला; सिनेट तो कपाटात ठेवत असे. ज्या पद्धतीने आपण आलो ती मोडायची हौस कोणाला असते? मग राज्यांनी पळवाट काढली. ओरेगनने आधी लोकांचा कौल घ्यायचा आणि आमदारकीच्या उमेदवारांनी तो पाळण्याचं लेखी वचन द्यायचं, अशी रीत पाडली. इतर राज्यं मागे आली. शेवटी सिनेटमध्येच अशा मार्गाने आलेले सदस्य वाढले. मे १९१२ मध्ये काँग्रेसने सतरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि एप्रिल १९१३ मध्ये पुरेशा राज्यांनी तिला संमती दिली.

जुन्या यादीत निवडीचं साल एक आणि रुजू होण्याचं दुसरं दिसतं. चूक असते का?

सहसा नाही. आमदार शरद ऋतूत निवडून येत, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत सिनेटर निवडत आणि मुदत ४ मार्चला सुरू होई. म्हणून डग्लस यांची मोहीम १८५८ ची, निवड १८५९ ची. काही राज्यं तर वर्षभर आधीच निवड उरकत. ब्रूस यांची निवड फेब्रुवारी १८७४ ची, मुदत मार्च १८७५ पासून. मधल्या काळात जागेपुढे ‘रिक्त’ असं दिसलं, तर आधीचा सिनेटर वारला किंवा त्याने राजीनामा दिला का ते पाहा. तसं काही नसेल, तर त्या राज्याच्या विधिमंडळात कोणीतरी कोणालातरी अडवून धरलं होतं असं बहुधा सापडेल.